मुख्य रस्ता की आडवाट?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्यापूर्वी चिटणीसबाईंनी मला विचारले, "यंदा तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "एका अमेरिकन संगीतकार बाईंवर." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मग ते आपण श्रीखंडवड्यांच्या प्रात्यक्षिकानंतर ठेवू या का?" त्यांचा हेतू माझ्या ध्यानात आला. वड्या चांगल्या झाल्या होत्या, तेव्हा आता थोडा वेळ तुम्ही माझे ऐकून घ्याल अशी आशा आहे.

ह्या बाई अगदीच परक्या आहेत असे मात्र समजू नका. आपल्या बालवाडीतली मुले दर पंधरा ऑगस्टला 'हम होंगे कामयाब' म्हणतात ना? ते गाणे मूळचे अमेरिकेतले. ज्या गायकांनी ते जगभर पोचवले त्यांत पीट सीगर हे नाव मोठे. १९६३-६४ साली जगाची सफर करताना ते आपल्या देशातही येऊन गायले होते. त्यांची सावत्र आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर. सावत्र आई म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही आले असेल ते कृपा करून दूर सारा. पीट मोठे होत होते तेव्हा ह्या बाई त्या घरात आल्या, आणि दोघांचे चांगले जमले.

माझी एक भाची वॉशिंग्टनजवळ राहते. बालवाडीसाठी काही पाठव, असे मी तिला लिहिले होते. तिने एक गाण्यांचे पुस्तक पाठवले. त्या पुस्तकापासून मागे जात जात मी ह्या बाईंपर्यंत पोचले. म्हणजे मी त्यांच्या घरात मागच्या दाराने शिरले. पुढचे दार पुष्कळ दिवसांनी सापडले. ते दार फार भव्य होते, आणि ते इतकी वर्षे बंद का राहिले हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

रूथचा जन्म ३ जुलै १९०१ रोजी ओहायो राज्यातल्या ईस्ट लिव्हरपूल गावी झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, त्यामुळे आज ह्या गावी तर उद्या त्या. शेवटी बिऱ्हाड फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरी आले आणि तिथे १९१४ साली वडील क्षयाने वारले. आईने घरात पैसे देऊन राहणारे-जेवणारे लोक ठेवले आणि संसार चालवला. हे काम काय असते ते आपल्यांतल्या काही जणींना मी सांगायला नको. रूथ सहाव्या वर्षापासून पियानो शिकत होती. शाळा संपल्यावर ती गावातच पियानो शिकवू लागली. १९२१ साली एका वर्षाकरता म्हणून शिकागोच्या अमेरिकन कॉन्झर्व्हेटरीत गेली. शिक्षिकेचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि परत यायचे, असा बेत होता. ती परत आलीच नाही.

का, ते सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे गाणारा गातो आणि गाता गाता रचतो. त्यांच्याकडे रचणारा वेगळा. तो कागदावर प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर लिहून देतो आणि वाजवणारे तो जसाच्या तसा वाजवतात. दुसरे असे, की आपण एका वेळी एका सुराच्या मागे जातो. ते लोक चारपाच सूर एकदम लावतात. ते सूर एकमेकांत मिसळले की कानाला गोड लागते, त्याला आपण सुसंवाद म्हणू. विसाव्या शतकाच्या आरंभी काही जणांना वाटू लागले की गोडाचा फार अतिरेक झाला आहे. न मिसळणारे, एकमेकांना घासणारे सूर शेजारी ठेवून त्यांतूनही काही बांधता येईल. तो विसंवाद. शिकागोत रूथने रचनेचे वर्ग घेतले आणि आपल्याला नुसते शिकवायचे नसून रचायचे आहे असे तिच्या ध्यानात आले. तिथल्या पियानोच्या गुरू जेन हर्झ. त्यांच्या घरी थिऑसफीची आणि पूर्वेकडच्या विचारांची चर्चा चाले, आणि नव्या वळणाचे संगीतकारही येत. कार्ल सँडबर्ग ह्या नामांकित कवीच्या मुलींना रूथ पियानो शिकवी. त्यांच्या १९२७ सालच्या लोकगीतसंग्रहातल्या काही गाण्यांना तिने पियानोची साथ लिहून दिली. लोकगीतांशी ही तिची पहिली ओळख.

१९२९ साली ती न्यू यॉर्कला गेली. चार्ल्स सीगर नावाचे विद्वान तिथे विसंवादी संगीताचे शास्त्र शिकवीत. बाईमाणसाला रचना शिकवायला ते आधी फारसे राजी नव्हते. मित्राने गळ घातली म्हणून थोडेसे धडे द्यायचे कबूल केले. ते थोडेसे धडे पुष्कळ लांबले. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी आपले शास्त्र ग्रंथरूपाने सांगत होते, आणि विद्यार्थिनी ते उतरवून घेता घेता त्यात आपली भर घालीत होती.

१९३० साली तिला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. संगीतरचनेसाठी ती मिळवणारी ही पहिली स्त्री. ती बर्लिनला गेली, आणि तिथे मुद्दामच कोणा गुरूच्या हाताखाली न जाता स्वतःचे काम करीत बसली. केवळ स्त्रियांच्या आवाजांसाठी तिने तीन 'चँट' लिहिले. मंत्रपठणासारखा त्यांचा बाज आहे, आणि त्यांतले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. अक्षरे तिने स्वतः जुळवली आहेत. पण तिचे नाव टिकले ते १९३१ सालच्या चार तंतुवाद्यांच्या रचनेमुळे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो.

त्या रचनेचे चार भाग आहेत. चौथा आधी सांगते, कारण तो सांगता येतो. एका बाजूला एकटे व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला बाकी तिघे एकजुटीने. व्हायोलिन एकच सूर ठणकावून म्हणते; तिघे दबल्या आवाजात वीस सुरांनी उत्तर देतात. मग हे दोन म्हणते, ते एकोणीस. हे तीन, ते अठरा. आपल्याकडे एकत्र कुटुंबात नवी सून आणि तीन नणंदा बोलत असाव्यात तसे! व्हायोलिन बोलके होत जाते तसा त्याचा आवाज खाली येतो, आणि तिघांचे शब्द सरतात तसा त्यांचा आवाज चढतो. मध्यावर पोचल्यावर सगळे उलटे फिरते आणि, फक्त अर्धा सूर वर चढून, आल्या पावली परत जाते. हे गणित ऐकताना जाणवत नाही, भांडण जाणवते.

तिसरा भाग मात्र सांगायला अवघड आहे. त्यात चाल अशी नाहीच. चारी वाद्ये लांब सूर धरून बसतात, आणि एकेकाचा सूर फुगतो, ओसरतो. एक ओसरतो तोवर दुसरा फुगतो. ह्या फुगण्या-ओसरण्यातच चाल आहे. हळूहळू सगळे वर चढत जाते, एका टोकाला फुटते आणि खाली विरते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला काहीच कळले नाही. नातीला म्हटले, "हे बिघडले आहे का?" चौथ्यांदा ऐकले तेव्हा मी भाजी चिरायची थांबले. १९३४ साली ह्या भागाची तबकडीही निघाली होती.

ह्यानंतर आपल्याला वाटते की आता मोठमोठ्या रचना येतील. बर्लिनहून येताना वाद्यवृंदाची मोठी रचना आणायची असा तिचा संकल्प होता. तो पुरा झाला नाही. शिष्यवृत्तीची मुदत वाढून मिळाली नाही. १९३२ साली तिने चार्ल्स सीगर ह्यांच्याशी लग्न केले. त्यांना आधीच्या लग्नाचे तीन मुलगे होते, पीट त्यांतला धाकटा. पुढे रूथबाईंना (आता मी बाईच म्हणते, संसारात पडल्या ना!) चार मुले झाली: १९३३ साली माइक, १९३५ साली पेगी, १९३७ साली बार्बरा, १९४३ साली पेनी. स्वतःची एक जुनी रचना, १९२६ सालची व्हायोलिन आणि पियानोची, त्यांनी जाळून टाकली. शिकागोत त्यांच्याकडे शिकायला येणारी एक लहान मुलगी होती, व्हिव्हियन फाइन. ती पुढे स्वतः मोठी संगीतकार झाली. तिच्याजवळ त्या रचनेची एक प्रत राहिली होती, म्हणून रूथबाईंच्या मागे कितीतरी वर्षांनी ती पुन्हा वाजली. बाईने जाळलेले आणि विद्यार्थिनीने राखलेले, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, कळली गोष्ट. लग्न झाले, मुले झाली, संपले. मलाही तसेच वाटले होते. पण ते तितके सरळ नाही.

ते दिवस मंदीचे होते. शहरांतून भाकरीसाठी रांगा लागत. आपले हे अवघड संगीत मूठभर जाणकारांखेरीज कोणाच्या उपयोगाचे, ही टोचणी त्या मंडळीतल्या पुष्कळांना लागली होती. चार्ल्स ह्यांना सरकारी नोकरी मिळून बिऱ्हाड वॉशिंग्टनला आले. तिथे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकगीतांचे भांडार होते. जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अॅलन हे खेड्यापाड्यांतून, तुरुंगांतून, शेतांवरून यंत्र घेऊन हिंडत आणि लोकांची गाणी तबकड्यांवर उतरवून आणत. ती ऐकून कागदावर लिहायचे काम रूथबाईंकडे आले.

हे काम नकलनविशीचे नव्हे. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते तेव्हा कुठल्या अक्षरावर ती थांबते, कुठला सूर किंचित उतरता लावते, घासाबरोबर कुठे हेलकावा देते? साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये आपल्या आयाबहिणींच्या ओव्या जमवून ठेवल्या, हे त्यांचे उपकार. पण शब्द कागदावर येतात आणि गळा मागे राहतो, ही अडचण उरतेच. रूथबाईंना तो गळा कागदावर आणायचा होता. एकेक तबकडी त्या पुन्हा पुन्हा लावीत. गाणाऱ्याने एखादी मात्रा जास्त घेतली तर ती त्याची चूक नव्हे, तीच त्याची तऱ्हा, असे त्यांचे म्हणणे. विसंवादी संगीतात तयार झालेला कान होता. इतर लोक ज्याला बेसूर किंवा बेताल म्हणून सरळ करून टाकीत, ते ह्यांना जसेच्या तसे हवे असे. १९४१ साली 'अवर सिंगिंग कंट्री' हे पुस्तक निघाले. त्यासाठी रूथबाईंनी लोकगीतांच्या संगीतावर एक मोठा प्रबंधच लिहिला होता. तो फार लांबला म्हणून पुस्तकात त्याचा थोडासाच अंश घेतला गेला. सगळा प्रबंध छापून निघाला २००१ साली, बाई जाऊन जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे झाल्यावर.

दिवसभर घरात ह्याच तबकड्या वाजत. मुले त्या ऐकत वाढली. माइक आणि पेगी पुढे नामांकित लोकगायक झाले ते उगाच नव्हे. शिवाय रूथबाई पियानोच्या शिकवण्या करीत, एकामागून एक विद्यार्थी येत असे. आणि १९४१ पासून धाकट्या मुलीच्या निमित्ताने सिल्व्हर स्प्रिंग इथल्या सहकारी बालवाडीत त्या गाणी शिकवू लागल्या. सहकारी म्हणजे आयांनीच पाळीपाळीने चालवलेली. आपली बालवाडी पहिली तीन वर्षे अशीच चालली होती हे खजिनदारबाईंना आठवत असेल.

त्या अनुभवातून १९४८ साली ते पुस्तक झाले, 'अमेरिकन फोक साँग्ज फॉर चिल्ड्रन', भाचीने मला पाठवलेले. त्यात आयांना आणि शिक्षिकांना फार प्रेमळ सूचना आहेत. गाणे नटवू नका. मुलांना शब्द बदलू द्या. एका गाण्यात मेरीने लाल झगा घातला आहे. तिथे वर्गातल्या मुलीचे नाव आणि तिच्या अंगावरचा कपडा घाला, की प्रत्येक मुलाला आपली पाळी कधी येते असे होते. मी हे आपल्याकडे करून पाहिले. पावसाळ्याचे दिवस होते, आणि एका मुलाने हट्टाने "माझ्या ओल्या चपलेवर म्हणा" असे सांगितले. आठवडाभर चपलेशिवाय दुसरे गाणे नाही! मी वीस वर्षे मुलांना गाणी 'शिकवत' होते. ते गाणे मी न शिकवता झाले.

आता ज्याच्यामुळे मला हे भाषण करावेसे वाटले ते सांगते. १९४८ सालीच रूथबाईंनी एद्गार व्हारेझ ह्या जुन्या संगीतकार स्नेह्याला पत्र लिहिले. त्यात त्यांनी कबूल केले की गेली बाराएक वर्षे आपण ज्या रस्त्याने चाललो तो मुख्य रस्ता की आडवाट, हे आपल्याला अजून ठरवता आलेले नाही. घरात मुले, हाताशी गाण्यांचे काम, आणि बाई हे लिहीत आहेत. तक्रार नाही, नवऱ्यावर खापर नाही. नुसती शंका.

माझ्या घरी कपाटावर एक तंबोरा आहे. मी गाण्याची मध्यमा परीक्षा दिली त्या वर्षी वडिलांनी तो मिरजेहून आणला. लग्नानंतर त्याला गवसणी चढली. कोणी चढवायला सांगितली नव्हती. सासूबाई तर एकदा म्हणाल्याही, "काढ ग तो, वाजव." मी म्हटले, "रविवारी काढते." तो रविवार तेहतीस वर्षे आला नाही. कोणी अडवले असते तर मला पुष्कळ सोपे गेले असते, असे मला कधी कधी वाटते. काही अभ्यासक म्हणतात की संसाराने रूथबाईंची कला खाल्ली. काही म्हणतात, छे, लोकगीतांत त्यांना अधिक मोठे काम सापडले. मला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते, आणि त्यांच्या पत्रातली शंकाच सर्वांत खरी वाटते.

त्या घरातली आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. एकदा वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात पेगी हरवली. तिथे काम करणाऱ्या एका काळ्या बाईंनी तिला शोधून आईच्या हवाली केले. त्यांचे नाव एलिझाबेथ कॉटन. पुढे रूथबाईंनी त्यांना घरकामाला बोलावले. त्या स्वयंपाक करीत, इस्त्री करीत, म्हणूनच रूथबाईंना तबकड्या घेऊन बसता येई, हेही नोंदले पाहिजे. काही वर्षे अशी गेली. एक दिवस मुलांनी पाहिले, की भिंतीवरची गिटार ह्या बाईंनी काढली आहे आणि उलटी धरून, डावऱ्या हाताने, सुरेख वाजवीत आहेत. लहानपणी त्यांनी स्वतः गाणी रचली होती. 'फ्रेट ट्रेन' हे त्यांचे गाणे पुढे जगभर गेले. पण तरुणपणीच, चर्चमधल्या लोकांनी असली गाणी बरी नव्हेत असे सांगितल्यावरून, त्यांनी गिटार बाजूला ठेवली होती. म्हणजे एकाच घरात एक बाई दूरच्या खेड्यांतली लोकगीते कानात प्राण आणून ऐकत होती, आणि दुसरी, जिच्या पोटात ती गाणी होती, शेजारच्या खोलीत इस्त्री करीत होती. कॉटनबाईंचे संगीत मुलांनी बाहेर काढले. माइकने त्यांची गाणी मुद्रित केली, १९५८ साली त्यांची तबकडी निघाली, आणि उतारवयात त्या मैफली करीत हिंडल्या.

रूथबाईंना तेवढे आयुष्य मिळाले नाही. आपली जुनी चार वाद्यांची रचना पुन्हा लोकांपुढे वाजलेली ऐकल्यावर त्यांनी परत लेखणी धरली. १९५२ साली फुंकून वाजवायच्या पाच वाद्यांसाठी त्यांनी एक रचना पुरी केली: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न. वॉशिंग्टनमधल्या एका स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले. ती ऐकताना मजा वाटते. विसंवाद आहे, पण मधूनच ठेका असा धरतात की मुलांच्या खेळातले गाणे कुठे तरी आत चालू असावे. आडवाटेने चालताना पदरात जे पडले ते घेऊन बाई मूळ रस्त्याला लागल्या होत्या. पुढच्याच वर्षी आतड्याचा कर्करोग निघाला. १८ नोव्हेंबर १९५३ रोजी चेव्ही चेस इथे त्या वारल्या. वय बावन्न. नाताळच्या लोकगीतांचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. सर्वांत धाकटी पेनी तेव्हा दहा वर्षांची होती.

मागाहून लोक जागे झाले. १९९७ साली जुडिथ टिक ह्या विदुषींनी त्यांचे मोठे चरित्र लिहिले. अमेरिकेच्या आधुनिक संगीताच्या इतिहासात त्या चार वाद्यांच्या रचनेला आता मानाचे स्थान आहे.

बस्स, मला एवढेच सांगायचे होते. माझी नात मोबाइल घेऊन आली आहे. त्याला तो मोठा ध्वनिवर्धक जोडून ती तुम्हांला तिसरा भाग ऐकवणार आहे. पाचेक मिनिटांचा आहे. बिघडला आहे असे वाटले तर घाबरू नका, तो तसाच आहे. तोवर आतल्या खोलीतल्या मंडळींनी चहा गाळून ठेवायला हरकत नाही; कपबशा मात्र संपल्यावर वाजवा.